खानदेशातून समाजशास्त्राची ओळख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावीला किंवा बीएच्या पहिल्या वर्षाला समाजशास्त्र घेतलेली मुलंमुली दरवर्षी साधारण हेच प्रश्न विचारतात. पुस्तकातली उदाहरणं परदेशातली, नाहीतर पुण्या-मुंबईची असतात, त्यामुळे मुलं व्याख्या पाठ करून मोकळी होतात. इथली उत्तरं जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या गोष्टी घेऊन लिहिली आहेत. परीक्षेला व्याख्या लागतेच, पण आपल्या गावाला लावून पाहिल्याशिवाय ती कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

समाजशास्त्र म्हणजे समाजसेवेचं शास्त्र का?

नाही. समाजसेवेचं प्रशिक्षण घ्यायचं असेल तर समाजकार्य हा वेगळा अभ्यासक्रम आहे. माणसं एकत्र कशी राहतात, कोणी कोणाशी कसं वागायचं हे कुठून ठरतं, कोणाच्या वाट्याला काय येतं आणि ही सगळी घडी टिकते कशी व विस्कटते कशी, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे समाजशास्त्र. फ्रेंच विचारवंत ऑगस्ट कॉम्त यांनी १८३८ मध्ये या विषयाला नाव दिलं. आपल्याकडे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली या विषयाचा विभाग सुरू झाला. पुढे मालवणात जन्मलेले गो. स. घुर्ये यांनी तो अनेक वर्षं सांभाळला आणि देशभर पसरलेली विद्यार्थ्यांची पिढी घडवली.

गावात राहतो, सगळं डोळ्यांसमोर घडतं. मग शिकायचं काय त्यात?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर थोडं लांब देतो.

जळगाव जिल्ह्यातलं कुठलंही मध्यम गाव घ्या. तिशी ओलांडलेले, घरी चार-पाच एकर केळी किंवा कापूस असलेले, निर्व्यसनी, कष्टाळू आणि तरीही लग्न न जमलेले तरुण तिथे सापडतील. प्रत्येक घरात याचं वेगळं कारण सांगतात. कोणी म्हणतं पत्रिकेत दोष आहे, कोणी म्हणतं पोरगा बुजरा आहे, कोणी म्हणतं मध्यस्थ नीट मिळाला नाही. आई उपास करते, बाप मुलावर चिडतो, मुलगा गप्प होतो. घराघरात वेगवेगळं सोसलेलं हे दुःख एकत्र ठेवून पाहिलं की चित्र बदलतं.

२०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षांच्या दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. त्याच वेळी महाराष्ट्राचं प्रमाण ८९४ होतं. राज्यातल्या सर्वांत कमी मुली असलेल्या जिल्ह्यांत जळगावची गणना झाली. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा, म्हणजे हे सगळं कायदा असताना घडलं. शेजारच्या आदिवासीबहुल नंदुरबारमध्ये मात्र हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून चांगलं होतं. हा फरक पैशाने किंवा शिक्षणाने समजत नाही, कारण केळीच्या पट्ट्यात पैसाही आहे आणि शाळाही आहेत. मुलगी म्हणजे हुंड्याचा खर्च, जमीन मुलाकडेच राहायला हवी, म्हातारपणी मुलगाच सांभाळणार, अशा समजुतींवर चालणारी घरं एकेकटी निर्णय घेत गेली आणि सगळ्यांची बेरीज जिल्ह्याच्या आकड्यात उतरली. त्यात आणखी भर पडली. शिकलेल्या मुलीचे आईवडील आता नोकरदार जावई शोधतात. शेतीच्या वाटण्या होऊन तुकडे झालेत. मुलगी आपल्यापेक्षा वरच्या घरी द्यायची, ही जुनी रीतही कायम आहे. म्हणजे मुली मुळात कमी, आणि आहेत त्यांची स्थळं शेतकऱ्याकडे वळत नाहीत.

एका मुलाचं लग्न अडणं ही त्या घराची अडचण आहे. गावातल्या दर चौथ्या घरात तेच घडत असेल तर तो सार्वजनिक प्रश्न होतो. सी. राइट मिल्स या अमेरिकी अभ्यासकाने १९५९ मध्ये नेमका हाच भेद मांडला: खासगी अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांना जोडून पाहण्याची नजर. डोळ्यांसमोर घडतं ते आपल्याला दिसतंच असं नाही. २०११ मध्ये मोजलेली ती मुलं येत्या काही वर्षांत लग्नाच्या वयाची होतील, तेव्हा पुन्हा पत्रिकेलाच दोष द्यायचा का, हे आताच ठरवायला हवं.

आत्महत्येसारखी अगदी खासगी गोष्टही समाजशास्त्राच्या कक्षेत येते का?

येते. एमिल द्युर्केम यांनी १८९७ मध्ये युरोपातली आकडेवारी घेऊन हेच दाखवलं. प्रोटेस्टंट लोकांत आत्महत्येचं प्रमाण कॅथलिकांपेक्षा जास्त, अविवाहितांत विवाहितांपेक्षा जास्त, आणि हे प्रमाण वर्षानुवर्षं साधारण तसंच राहतं. प्रत्येक माणसाचं कारण निराळं असताना प्रमाण स्थिर का राहावं? माणूस आपल्या समूहाशी किती घट्ट बांधलेला आहे, यात त्यांना उत्तर सापडलं. कापूस पिकवणाऱ्या भागात राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर "कमजोर मनाचा होता" असं म्हणून विषय संपवणं म्हणजे कर्ज, पाऊस, भाव आणि एकटेपणा या सगळ्यांना निर्दोष सोडणं.

समुदाय आणि समाज यांत फरक काय?

जर्मन अभ्यासक फर्डिनांड टोनीज यांनी १८८७ मध्ये हा भेद मांडला. जिथे नाती रक्ताची, शेजाराची, ओळखीची असतात तो समुदाय. जिथे माणसं कामापुरती, करारापुरती, नियमांनुसार एकत्र येतात तो त्या अर्थाने समाज. यावलजवळच्या खेड्यात कोणाकडे बाळ झालं तर दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळतं. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वरच्या मजल्यावर राहणारा गार्ड तेलुगू, खालचा बिहारचा, समोरचा वरणगावचा. त्यांना बांधणारी गोष्ट म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक.

पण हे दोन डबे वेगळे आहेत असं समजू नका. भुसावळच्याच कॉलनीत गणपतीत मंडळ उभं राहतं, चार वर्षांत घरोबा होतो. आणि खेड्यातही सोसायटीचं कर्ज मागायला गेलं की सख्ख्या चुलतभावालाही सातबारा दाखवावा लागतो.

प्राथमिक गट आणि दुय्यम गट?

चार्ल्स कूली यांनी १९०९ मध्ये प्राथमिक गटाची कल्पना मांडली: समोरासमोरचा, जवळिकीचा, लहान गट. कुटुंब, लहानपणीचे खेळगडी, शेजार. हिवाळ्यात शेतात काट्याकुट्यांवर वांगी भाजून भरीत पार्टी करणारी मित्रांची टोळी हा प्राथमिक गट. दूध संघ, कामगार युनियन, महाविद्यालय हे दुय्यम गट. परीक्षेला एवढं पुरे.

दर्जा आणि भूमिका यांत नेहमी गोंधळ होतो. सोपं करून सांगा.

अहिराणी मुलखात अनोळखी पोरगा गल्लीत दिसला की ओट्यावरचे आजोबा विचारतात, "तू कोना पोऱ्या शे रे?" नाव नंतर विचारतात. कोणाचा मुलगा, कोणत्या वाड्यातला, कोणत्या कुळातला हे कळलं की त्याच्याशी कसं बोलायचं ते ठरतं. समाजातलं हे जे स्थान, तो दर्जा. राल्फ लिंटन यांनी १९३६ मध्ये त्याचे दोन प्रकार केले. जन्माने मिळालेला तो अर्पित दर्जा: जात, लिंग, कोणाची लेक, कोणाचा नातू. स्वतः मिळवलेला तो अर्जित दर्जा: शिक्षिका, तलाठी, सरपंच, पैलवान.

त्या स्थानावरच्या माणसाने कसं वागावं याच्या अपेक्षा म्हणजे भूमिका. आपण दर्जावर बसतो आणि भूमिका करतो, असं मी वर्गात सांगतो.

आता खरी गंमत दोन भूमिका भिडतात तेव्हा कळते. आपल्याच तालुक्यात नेमणूक झालेल्या तलाठ्याकडे मामा येतो आणि बांधाच्या वादात "तेवढं बघ रे" म्हणतो. तलाठी म्हणून त्याने नियम पाळायचा, भाचा म्हणून मामाचा शब्द राखायचा. याला भूमिकासंघर्ष म्हणतात.

सरपंचबाईंचं उदाहरण याहून बोलकं आहे. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि पंचायतीत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. दर्जा एका दिवसात मिळाला. भूमिका मिळायला वेळ लागतो. ग्रामसभेत खुर्चीवर बाई, बोलणारे त्यांचे यजमान, आणि लोकही कागद यजमानांकडेच देतात, हे दृश्य अनेक गावांत पाहायला मिळतं. त्या बाईंना दोष देणं सोपं आहे, पण सून म्हणून ज्या वडीलधाऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर सरकू द्यायचा नाही, त्यांच्याच घरपट्टीच्या थकबाकीवर बोलायचं हे किती अवघड आहे, त्याचा विचार करा. तरीही दुसऱ्या टर्मपर्यंत स्वतः फाइल वाचून सही करणाऱ्या बाया आहेत. अर्जित दर्जा अर्पित दर्जाला हळूहळू कसा ढकलतो हे पाहायचं असेल तर ग्रामसभेत जाऊन मागे बसावं.

सामाजिक संस्था म्हणजे शिक्षण संस्था, पतसंस्था वगैरेच ना?

त्या संघटना झाल्या. समाजशास्त्रात संस्था म्हणजे एखादी मूलभूत गरज भागवण्याची समाजाने पक्की केलेली रीत: विवाह, कुटुंब, धर्म, शिक्षण, अर्थव्यवस्था, राज्यसंस्था. अमुक महाविद्यालय ही संघटना. शिक्षण ही संस्था.

खानदेशातली सालदारकी घ्या. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, शेतकरी वर्षभरासाठी सालदार ठरवतो. आखाजी ते आखाजी असा काळ. वर्षाची रक्कम ठरते, त्यातली काही उचल आधी मिळते, कुठे वर धान्य असतं. लिखापढी क्वचितच होते. बैल, पाणी, खत, राखण, रात्री वीज येईल तेव्हा मोटर चालू करणं, सगळं सालदाराकडे. तालुक्यागणिक दर थोडाफार वेगळा, पण रीत एक. कागद नसताना हे चालतं कसं? दोन्ही बाजूंना रीत माहीत आहे, आणि ती मोडणाऱ्याला पुढच्या आखाजीला गावात सालदार किंवा साल मिळणं अवघड जातं. सामाजिक संस्था म्हणतात ती हीच.

त्याच सणाला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. एकाच दिवशी एका घरात लेक विसाव्याला आलेली असते आणि दुसऱ्या घरातला बाप वर्षभराच्या कामाला बांधला जात असतो. हे दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय आखाजी पूर्ण कळत नाही.

संस्था अमर नसतात. बारा बलुतेदारांची व्यवस्था शेकडो वर्षं चालली: सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग अशा प्रत्येकाने गावाचं नेमून दिलेलं काम करायचं आणि खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. तिला परस्परसहकार्य म्हणून गौरवणारे लेख अजूनही छापून येतात. मला ते पटत नाहीत. वाटा किती द्यायचा हे देणारा ठरवत होता आणि काम नाकारायची मुभा घेणाऱ्याला नव्हती. १९५८ च्या कायद्याने महारवतनासह कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द झाली, नाणं आलं, कारखान्याचा नांगर आला आणि ती व्यवस्था गेली.

भाऊबंदकी हा विषय अभ्यासाचा कसा?

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई, म्हणजे खानदेशातली कुळाची देवी, बसते. त्या वेळचे रोट, म्हणजे देवीच्या नैवेद्याचं जेवण, नीट पाहा. बऱ्याच घरांत कुळातल्या माणसांच्या नावाने मुठी मोजून गहू काढतात. मुलगा जन्मला की त्याच्या नावाची मूठ वाढते. दळताना, रांधताना सोवळं पाळतात. सुरतेला, नाशिकला, पुण्याला गेलेले भाऊ त्या दिवशी गावी येतात, आणि रोटाचं जेवण भाऊबंदांनीच जेवायचं, शिजलेलं बाहेर द्यायचं नाही, असा अनेक कुळांचा दंडक असतो. जिवलग मित्र कितीही जवळचा असो, तो या पंगतीला नसतो. आणि वर्षभर बांधावरून कोर्टात भांडणारा चुलतभाऊ मात्र असतो.

नातेव्यवस्थेवरचं एक अख्खं प्रकरण या एका पंगतीत दिसतं. वंश बापाकडून चालतो, म्हणजे पितृवंशीय. लेक लग्न होऊन गेली की तिचं कूळ बदलतं, तिचा रोट सासरचा. आपलं कोण आणि परकं कोण याची रेघ प्रेमाने ठरत नाही, कुळाने ठरते. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेचे प्रदेशवार भाग पाडले, तेव्हा महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात येतो, हे दाखवलं: उत्तरेत बहीण आणि भाऊ यांच्या मुलांचं आपसांत लग्न वर्ज्य, दक्षिणेत पसंतीचं, आणि आपल्याकडे मामाची मुलगी चालते पण आत्याची सहसा नाही. खानदेश तर गुजरात आणि माळव्याला लागून. आपल्या आजीला विचारा, तिच्या पिढीत कोणाची लग्नं मामाकडे झाली आणि कोणाकडे ते टाळलं. वहीभर माहिती मिळेल.

लोकरूढी, लोकनीती आणि कायदा यांत फरक कसा ओळखायचा?

मोडल्यावर काय होतं ते पाहायचं. विल्यम समनर यांनी १९०६ मध्ये हे वर्गीकरण केलं. लग्नात आहेर न नेणाऱ्याला लोक नावं ठेवतील, एवढंच. ही लोकरूढी. नात्यातल्या निषिद्ध ठिकाणी लग्न केलं तर घर तुटेल; ती लोकनीती. कायदा मोडला तर पोलीस आणि कोर्ट.

तिन्ही एकमेकांच्या विरोधात जातात तेव्हा कोण जिंकतं? वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायद्यात घातलं. तरी वडील गेल्यानंतर वर्षा-सहा महिन्यांत बहिणी तालुक्याच्या निबंधक कार्यालयात येतात आणि हक्कसोडपत्रावर सही करतात. भाऊ भाडं देतो, नवं लुगडं घेतो, सगळे मिळून हॉटेलात जेवतात. जबरदस्ती कुठे दिसत नाही. पण सही न करणाऱ्या बहिणीला आखाजीला माहेरचं दार उघडं राहील का, हे तिला पक्कं माहीत असतं. कायदा तिच्या बाजूने, रूढी भावाच्या बाजूने, आणि निकाल बहुतेक वेळा रूढीचा.

जात आणि वर्ग एकच का?

वर्ग म्हणजे आर्थिक स्थान. माणूस त्यात वर-खाली होऊ शकतो. जात जन्माने मिळते आणि लग्नाने टिकवली जाते. हे सगळ्यात नेमकं कोणी सांगितलं असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी दाखवलं की जातीचा गाभा जातीतच लग्न करण्याच्या सक्तीत आहे. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या प्रथा त्या सक्तीच्या रक्षणासाठी आल्या. तेव्हा ते पंचविशीत होते. जात आणि स्त्रियांवरची बंधनं ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत, हा विचार त्या वेळी जगात फार थोड्यांनी केला होता.

मॅक्स वेबर यांनी आणखी एक धागा दिला: संपत्ती, मान आणि सत्ता या तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात आणि त्या एकाच माणसाकडे असतीलच असं नाही. पुरोहिताला मान असतो, जमीन नसते. जिनिंगवाल्याकडे पैसा असतो, पण निवडणुकीत तो स्वतः उभा राहत नाही.

एम. एन. श्रीनिवास यांची प्रभुत्वशाली जातीची कल्पना खानदेशाला चपखल लागते. जी जात संख्येने मोठी, जमिनीची मालक, शिक्षण आणि राजकारणात पुढे आणि विधीच्या उतरंडीत फार खाली नसलेली, ती त्या भागात प्रभुत्वशाली. रावेर-यावलकडे लेवा पाटीदार, शहाद्याकडे गुजर, अमळनेर-धुळ्याच्या बऱ्याच गावांत मराठा. बस चाळीस-पन्नास किलोमीटर गेली की प्रभुत्व बदलतं. म्हणजे ते धर्मग्रंथात लिहिलेलं नसून जमिनीवर उभं आहे.

आणि जात संपली म्हणणाऱ्यांनी गावाचा नकाशा काढावा. वस्त्या कुठे, पाण्याची टाकी कुठे, स्मशानभूम्या किती. जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद ठेवून. संपलेल्या गोष्टीसाठी कोणी कायदा करत नाही.

आदिवासी समाज जातिव्यवस्थेत येतो का?

मुळात नाही, आणि परीक्षेत हा मुद्दा हमखास चुकतो. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची हे समाज आपापली भाषा, देवता, पंच आणि जमिनीचं नातं घेऊन सातपुड्यात आणि तापीकाठी राहत आले. यावल, रावेर, चोपडा भागातले तडवी भिल्ल इस्लाम मानतात आणि आदिवासीही आहेत. धर्म आणि जमात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला याहून चांगलं उदाहरण नाही. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते.

विवाहाची रीतही पाहा. अनेक भिल्ल आणि पावरा कुटुंबांत वरपक्ष वधूच्या बापाला देज देतो. घरातून काम करणारं माणूस जातं, त्याची भरपाई वराने करायची असा त्यामागचा हिशेब. मैदानी भागात उलटा हिशेब, हुंडा. देज आहे म्हणजे तिथे बाईला सगळं मिळालं असं नाही, पण मुलगी जन्मली म्हणून चेहरे पडत नाहीत. जळगाव-नंदुरबारच्या आकड्यांतला फरक वर आलाच आहे.

१८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला आणि पहिली काही वर्षं भिल्लांशी लढण्यात गेली. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभारली. धरणगाव तिचं ठाणं होतं. एकीकडे पलटण, दुसरीकडे जमिनीची मोजणी, रोख सारा आणि पाठोपाठ सावकार. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत शहादा-तळोदा भागातल्या कितीतरी आदिवासींच्या जमिनी कर्जात गेल्या आणि मालक आपल्याच शेतावर सालदार झाले. याविरुद्ध अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने लोक उठले, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली आणि जमिनी परत मिळवण्याची, मजुरी वाढवण्याची चळवळ झाली. तिच्यातल्या बायकांनी दारूचे अड्डे फोडले, मारहाण करणाऱ्या नवऱ्यांना सगळ्यांसमोर जाब विचारला. १९९६ चा पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि २००६ चा वनहक्क कायदा देशभरच्या अशाच लढ्यांतून आले.

मागासलेपणा स्वभावात असतो, असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी एवढाच इतिहास सांगतो.

कार्यवाद, संघर्षवाद, आंतरक्रियावाद. यातला बरोबर कोणता?

समाजाकडे पाहण्याच्या या तीन दृष्टी आहेत. सातपुड्यातल्या धडगावचा आठवडे बाजार घ्या. कार्यवादी म्हणेल, इथे डोंगरातला माल मैदानात येतो, सोयरिकी जमतात, निरोप पोचतात. बाजार समाजाला जोडतो. संघर्षवादी विचारेल, तराजू कोणाच्या हातात आहे? चारोळीचा, मोहाचा भाव कोण ठरवतं आणि मीठ-तेलाचा कोण? आंतरक्रियावादी ओट्याशेजारी उभा राहून ऐकेल की व्यापारी पावरा म्हाताऱ्याला एकेरीत हाक मारतो आणि म्हातारा कसं उत्तर देतो. तिघांनाही जे दिसतं ते तिथे आहेच. मी स्वतः तराजूपासून सुरुवात करतो.

मुलांना अहिराणी बोलू देऊ नका असं शाळेत सांगतात. याचं समाजशास्त्र काय?

हा प्रश्न पालक विचारतात आणि मला त्याचं फार वाटतं.

मूल समाजात वागायला शिकतं ती प्रक्रिया म्हणजे समाजीकरण. कुटुंबात ते अहिराणीत होतं: "काय करी राहिना?" या आईच्या हाकेत माया आणि धाक दोन्ही असतात. शाळेत तेच वाक्य बोललं की वर्ग हसतो. कूली यांनी १९०२ मध्ये आरशातल्या स्वत्वाची कल्पना मांडली: दुसऱ्याच्या नजरेत आपण कसे दिसतो यावरून मूल स्वतःला ओळखतं. वर्ग हसला की सहा वर्षांचं पोर एवढंच शिकतं की घरी बोलतो ते हलकं आहे, म्हणजे घर हलकं आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी याला सांस्कृतिक भांडवलाचा प्रश्न म्हटलं. शाळा ज्या घरांची भाषा बोलते त्या घरांची मुलं हुशार ठरतात, बाकीच्यांना आधी भाषा कमवावी लागते, मग अभ्यास.

प्रमाण मराठी यायलाच हवी, इंग्रजीही. पण पहिली-दुसरीच्या बाईंनी अहिराणीत, भिलोरीत, पावरीत गोष्ट सांगून तिथून प्रमाण भाषेकडे नेलं तर मूल दोन्ही राखतं. ज्या जिल्ह्यात विद्यापीठालाच २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं, तिथल्या बालवाडीत बोलीला हसू नये एवढी अपेक्षा रास्त आहे.

सामाजिक बदल म्हणजे प्रगतीच ना?

बदल म्हणजे फक्त बदल. तो कोणाला वर नेतो आणि कोणाला मागे टाकतो हे वेगळं तपासावं लागतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम ऑगबर्न यांनी १९२२ मध्ये सांस्कृतिक पश्चायन सांगितलं: वस्तू पुढे धावतात, विचार मागे राहतात. सोनोग्राफीचं यंत्र आलं आणि मुलगाच हवा हा जुना विचार त्याला जाऊन चिकटला.

स्थलांतराचं वेगळं. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशी लोकांच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत. तिथे अहिराणीही चालते आणि कानबाईही बसते. दिवाळीनंतर नंदुरबारच्या पाड्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांबरोबर लहान मुलंही जातात आणि त्यांचं शाळेचं वर्ष अर्ध्यावर सुटतं. दोन्ही स्थलांतरंच आहेत.

प्रकल्पासाठी गावाचा अभ्यास कसा करू?

विषय लहान घ्या. "ग्रामीण समाजातील बदल" असा विषय घेतलात तर इंटरनेटवरून उतरवून काढाल. "आमच्या गावात यंदा आखाजीला किती साल ठरली आणि सालदार कोणकोणत्या गावांहून आले" असा घेतलात तर तुमच्याशिवाय दुसरं कोणी ते लिहू शकणार नाही.

आधी पायी फिरून नकाशा काढा. मग माणसांशी बोला, आणि "हुंडा घेतला का?" असं तोंडावर विचारू नका, "लग्नाचा खर्च कसा निघाला?" असं विचारलं की सगळं आपोआप येतं. ओट्यावर पुरुष बोलतील. बायकांचं ऐकायचं तर निंदणीला शेतात जावं लागेल, पाण्याच्या रांगेत उभं राहावं लागेल. लोक जे सांगतात आणि लोक जे करतात ते दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. बोललेलं वाक्य अहिराणीत असेल तर अहिराणीतच उतरवा.

परवानगी घ्या, नावं बदला. गाव लहान असतं, नाव बदलूनही माणूस ओळखू येतो. तिथे तपशीलही बदला किंवा ती गोष्ट गाळा. कोणाचं कर्ज, कोणाच्या लेकीचं माहेरी परत येणं हे तुमच्या वीस गुणांपेक्षा मोठं आहे.

आपल्याच जातीबद्दल, भाऊबंदांबद्दल लिहिताना हात आखडतो. अशा वेळी वर्गातल्या दुसऱ्या वस्तीतल्या मुलाला किंवा मुलीला जोडीला घ्या. तुम्ही त्यांच्या गल्लीत जा, त्यांना तुमच्या गल्लीत आणा, आणि दोघांनी टिपणं वेगवेगळी लिहून मग शेजारी ठेवा. जिथे दोघांचं जुळत नाही, तिथे परत जाऊन विचारा.